समुद्रालगतचं जांभ्याचं जुनं घर: थापी नंतर, आधी फावडं

ताई, तुमचं पत्र आणि सोबतचे फोटो नीट पाहिले. इतर वाचणाऱ्यांसाठी विषय थोडक्यात सांगतो. गुहागरच्या बाजूला एका गावात यांच्या आजोबांनी १९३४ साली बांधलेलं जांभ्याचं घर आहे. पुढे अंगण, मागे नारळी-पोफळीची वाडी, वाडीच्या टोकाला सुरूची झाडं आणि तिथून खाली उतरलं की पुळण, म्हणजे वाळूचा किनारा. बारा वर्षं घर बंद होतं. आता तिघा भावंडांना ते राहण्याजोगं करायचं आहे, जमलं तर दोन खोल्या पाहुण्यांना द्यायच्या आहेत. कंत्राटदाराने असं सुचवलंय: बाहेरचा जुना गिलावा काढून दगड उघडा करायचा आणि त्यावर चकाकणारं कोटिंग मारायचं, आतून वॉटरप्रूफिंगचं केमिकल घालून सिमेंटचा गिलावा, कौलं उतरवून कौलासारखे दिसणारे पत्रे, खाली व्हिट्रिफाइड टाइल आणि अंगणात लॉन. ताईंचा प्रश्न असा की यातलं काय करावं आणि काय नको. शिवाय ताजा कलम म्हणून झोपाळ्याबद्दल विचारलंय, त्याचं उत्तर शेवटी देतो.

माझं सरळ मत: या यादीतलं एकही काम करू नका. कंत्राटदार वाईट माणूस असेल असं नाही. तो चिपळुणात नवीन बंगले बांधतो, तीच औषधं त्याने तुमच्या घराला लिहून दिली आहेत. रोग हल्याला, औषध पखालीला.

तुमच्या घराचा रोग मला एका फोटोत सापडला, आणि तो फोटो तुम्ही सहज आठवण म्हणून जोडलेला होता. आत्याच्या लग्नातला काळा-पांढरा फोटो. वऱ्हाडी ओटीच्या पायऱ्यांवर बसलेत. त्यातल्या पायऱ्या मोजा, चार आहेत. आता तुम्ही मे महिन्यात काढलेला फोटो बघा. पायऱ्या अडीच. दीड पायरी कुठे गेली? जमिनीत. साठ-सत्तर वर्षांचा पालापाचोळा, शेण-माती, कधीतरी अंगणात टाकलेली मुरमाची गाडी, विहीर उपसल्यावर पसरलेला गाळ, असं करत अंगण सव्वा फूट वर आलंय आणि घराचं जोतं तेवढं खाली गाडलं गेलंय. जोतं कशासाठी असतं? पावसाचं पाणी भिंतीपासून लांब ठेवायला. ते मातीत गेलं की भिंतच मातीत उभी राहते, आणि जांभा तर सच्छिद्र दगड, चहात बुडवलेल्या बटरासारखा पाणी वर ओढतो. माजघराच्या भिंतीवर अडीच-तीन फुटांपर्यंत जी पोपड्यांची पट्टी दिसते ती तिथून आलेली आहे. तिच्यावर आतून कुठलंही केमिकल फासलं तरी पाणी यायचं थांबणार नाही, ते फक्त आणखी वरून बाहेर पडेल.

म्हणून पहिलं काम फावड्याचं. घराभोवती चार फूट रुंदीची पट्टी जुन्या अंगणाच्या पातळीपर्यंत हाताने उतरवा. जेसीबी अजिबात लावू नका, पाया उघडा पडला तर कोपरा बसेल. एका वेळी एक बाजू घ्या. पायाच्या वरच्या थराशी आलात की थांबा. उतरवलेल्या पट्टीला घरापासून बाहेरच्या बाजूला ढाळ द्या, वर जांभ्याची खडी पसरा आणि पागोळ्यांचं पाणी जिथे पडतं तिथून दगडी गटाराने ते वाडीकडे न्या. या पट्टीवर कोबा करू नका, पेव्हर ब्लॉक नकोत आणि फुलझाडांचे वाफे तर अजिबातच नकोत. सात-आठ दिवसांचं काम आहे, चार माणसं पुरतात.

हे उरकलं की पुढचा पावसाळा फक्त बघायचं. मी हे सांगितलं की लोकांचा चेहरा पडतो, कारण सगळ्यांना दिवाळीला वास्तुशांत हवी असते. पण घर कुठे गळतंय, कुठे पाझरतंय हे मेमध्ये कोणालाच कळत नाही, मलाही नाही. जून ते सप्टेंबर, जमेल तितके दिवस तिथे जाऊन राहा. ओल जिथपर्यंत चढलीय तिथे भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारा आणि तारीख टाका. खालून आलेली ओल जोत्यापासून वर एकसारख्या पट्टीने चढते. वरून आलेली एका जागी डाग धरते आणि मोठा पाऊस झाला की तासाभरात ताजी होते. पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंतींना वाऱ्याबरोबर झोडपणारा पाऊस भिजवतो, तिथे सगळी भिंत काळवंडते.

चौथी ओल फसवी असते, आणि समुद्राजवळच्या घरांत तीच जास्त. पाऊस नाही, गळती नाही, तरी भिंतीवर नकाशासारखे ओले डाग पडतात. हा लोणा. भिंतीत वर्षानुवर्षं साठलेलं मीठ हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतलंच पाणी ओढून विरघळतं. पावसाळाभर ते पातळ होऊन दगडाच्या छिद्रांत हिंडत असतं. नोव्हेंबर-डिसेंबरात हवा कोरडी झाली की त्याचे खडे धरतात, खडे वाढताना छिद्रांच्या भिंती फोडतात आणि दगडाची पूड होऊन खाली पडते. तुम्ही लिहिलंय की "गंमत म्हणजे पावसात काही होत नाही, थंडीत केर काढताना भिंतीखाली लाल पूड मिळते." गंमत नाही ती, तेच कारण आहे.

आता उघड्या दगडाबद्दल. ही फॅशन गेल्या पंधरा-वीस वर्षांतली, रिसॉर्टवाल्यांनी आणलेली. उघडा जांभा फोटोत छान दिसतो हे मान्य, मलाही आवडतो. सड्यावरच्या (कातळी पठारावरच्या), समुद्रापासून आत असलेल्या घरांना तो चालतोही. गडगे (दगडी कुंपणं), विहिरीचं बांधकाम, गोठा, हे उघड्या चिऱ्याचंच, म्हणजे तासलेल्या जांभ्याच्या ठोकळ्यांचंच असतं. पण पुळणीला लागून असलेल्या घराच्या पश्चिमेच्या भिंतीला आपल्या पणजोबांनी चुन्याचा गिलावा केला तो हौसेने नव्हे. दगडाच्या अंगावरचा तो सदरा होता, मीठ आणि पाऊस आधी त्याने सोसायचा आणि फाटला की बदलायचा.

सदरा काढला की काय होतं याचं मोठं उदाहरण गोव्यात उभं आहे. जुन्या गोव्याचं बॉम जीझस बॅसिलिका, १६०५ सालचं. त्याच्या भिंती जांभ्याच्या आणि त्यावर चुन्याचा पांढरा गिलावा होता. १९५० च्या दशकात पोर्तुगीज अमदानीतच तो गिलावा उतरवला गेला, इमारत जुनीपुराणी दिसावी म्हणून. आज पर्यटकांना वाटतं की ते चर्च मुळातच लाल आहे. दगड मात्र तेव्हापासून झिजतोय, आणि गिलावा परत करावा ही मागणी तिथल्या धर्मगुरूंनी जाहीरपणे केलेली आहे. साडेतीनशे वर्षं जे टिकलं त्याला सत्तर वर्षांत उतरती कळा लागली. तुमच्या घराची भिंत तर दीड फुटाची.

जांभ्याची एक खासियत लक्षात घ्या. खाणीत तो मऊ असतो, कुऱ्हाडीसारख्या हत्याराने चिरा तासता येतो, आणि उघड्यावर वारा-ऊन लागलं की कडक होतो. फ्रान्सिस बुकॅनन या ईस्ट इंडिया कंपनीच्या स्कॉटिश डॉक्टराने १८०७ मध्ये केरळातल्या अंगाडीपुरमच्या दगडाचं वर्णन करताना त्याला विटेच्या लॅटिन शब्दावरून 'लॅटेराइट' हे नाव दिलं, कारण तिथले लोक विटांसारखे ठोकळे कापून घरं बांधत होते. उघड्यावर कडक होतो, म्हणजे त्याचं कडकपण वरच्या पापुद्र्यात जास्त. जुना गिलावा ब्रेकर लावून खरवडला, किंवा दगड "फ्रेश" दिसावा म्हणून ग्राइंडर फिरवला, की तो पापुद्राच जातो. आणि वर ते चकाकणारं कोटिंग! त्याने बाहेरचं पाणी आत यायचं काही काळ थांबतं, पण आतलं पाणी बाहेर जायचंही थांबतं. दोन पावसाळ्यांनी कोटिंगखाली पांढरट फोड येतात आणि कोटिंग दगडाची साल घेऊनच सुटतं.

सिमेंटचंही तेच. मी हे पुस्तकातून सांगत नाही. या कामातली माझी पहिली आठ-नऊ वर्षं मी स्वतः जुन्या भिंतींना सिमेंट लावलं आहे. दापोलीकडच्या एका घराला १९९९ मध्ये एकास चारचा कडक गिलावा केला, मालक खूश, मीही खूश. तीन वर्षांनी त्यांनी बोलावलं. गिलावा दिसायला धडधाकट होता. हातोडीची मूठ आपटली तर भद असा आवाज. एक तुकडा पहारीने सोडवला तर मागून बादलीभर लाल माती गळली. गिलावा शाबूत, दगड गेलेला. आतलं पाणी आणि मीठ सिमेंटच्या मागे कोंडलं होतं आणि त्याने कडक गिलाव्याला हात न लावता मऊ दगड खाल्ला. त्या भिंतीतले एकोणीस चिरे मी पदरमोड करून बदलले. नियम तेव्हापासून पाठ आहे: गिलावा आणि दरजा (चिऱ्यांमधल्या सांध्यांत भरलेला माल) दगडापेक्षा नेहमी मऊ हव्यात. झिजायचं तर त्यांनी.

तुमच्याकडे काय करायचं ते सांगतो. जुना चुन्याचा गिलावा जिथे घट्ट आहे तिथे त्याला हात लावू नका. हातोडीच्या मुठीने सगळी भिंत वाजवत जा, टणक आवाज आला की सोडून द्या, पोकळ आला की खडूने गोल करा. माझा अंदाज, निम्म्याहून जास्त वाचेल. मागे स्वयंपाकघराच्या भिंतीला कोणीतरी सिमेंट केलेलं दिसतंय, ते मात्र छिन्नीने हळूहळू काढावं लागेल. उघड्या पडलेल्या दगडावर आधी मीठ उतरवून घ्या. रद्दी कागद भिजवून त्याचा लगदा करा, बोटभर जाड लिंपा, वाळू द्या, पडला की भिंतीपासून लांब नेऊन टाका. दोन-तीनदा केलं की फरक दिसतो. बायकामाणसं, पोरंटोरं कोणीही करू शकतं. एका घरात सगळ्या भावंडांनी मिळून मे महिन्याच्या सुट्टीत केलं होतं, वर्तमानपत्रांची चार वर्षांची रद्दी संपली.

चुना विकत घेताना पिशवीतली तयार फक्की घेऊ नका, ती बऱ्याचदा हवा लागून मेलेली असते. कळीचा चुना आणा आणि स्वतः विरवा. हौदात आधी पाणी, मग त्यात चुना, उलटं कधीही नाही. अक्षरशः उकळतो तो, वाफ येते, शिंतोडे उडतात. डोळ्यांना चष्मा, हाताला हातमोजे, आणि प्लास्टिकचं पिंप नको, वितळेल. विरलेला चुना गाळून पाण्याखाली झाकून ठेवा. निदान महिनाभर मुरू द्या, सहा महिने मुरला तर लोण्यासारखा होतो. म्हणजे पावसाळाभर तुम्ही घर बघत बसणार तेव्हा चुना एकीकडे मुरतोय, वेळ फुकट जात नाही.

वाळूकडे बारीक लक्ष द्या. खाडीची वाळू स्वस्त मिळते आणि पुळणीची तर फुकट, दोन्हींत मीठ. (पुळणीची वाळू उचलणं बेकायदाही आहे.) नदीची वाळू आणा, तरी धुऊन घ्या. धुतलेलं पाणी बाटलीत भरून गावातल्या शाळेच्या प्रयोगशाळेत सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकून बघा. दुधाळ झालं की अजून मीठ आहे, पुन्हा धुवा. एक भाग चुना, अडीच ते तीन भाग वाळू, आणि पश्चिमेच्या भिंतीसाठी वाळूतला एक हिस्सा कमी करून बारीक दळलेल्या पक्क्या विटेची सुरखी घाला, तिने चुना ओलाव्यातही धरतो. गूळ, बेलफळ, मेथी हे जुने लोक घालत आणि त्यात तथ्य आहे, पण प्रमाण जपून. यूट्यूब बघून एकाने हौदभर गूळ ओतला होता. गिलावा बरा झाला, पण तालुक्यातल्या समस्त मुंग्या त्याच्या भिंतीवर राहायला आल्या.

काम ऑक्टोबरअखेरीस सुरू करा, जानेवारीपर्यंत संपवा. थर अर्ध्या इंचाहून जाड नको. भिंत आदल्या दिवशी भिजवायची, गिलावा थापीने फेकून मारायचा, आठ-दहा दिवस ओली गोणपाटं लावून ठेवायची. चुना पाण्याने नाही तर हवेने पिकतो, सावकाश पिकतो, आणि भर उन्हात वाळला तर पिकायच्या आत मरतो. वर रंग म्हणून दुधासारखा पातळ चुन्याचा हात, चार-पाच वेळा. ऑइलपेंट आणि प्लास्टिक इमल्शन भिंतीच्या जवळसुद्धा आणू नका. आणखी एक आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर मला फोन करणार नाही: माजघराच्या खालच्या तीन फुटांतला नवा गिलावा दोन-तीन वर्षांनी खराब होणार आहे. व्हायलाच हवा. भिंतीतलं उरलेलं मीठ तो ओढून घेतो. तो काढून तेवढाच पट्टा परत करायचा.

जे चिरे पार गेलेत ते बदलावे लागतील, फोटोंत मला वीसेक दिसतात. यंत्राने कापलेला नवा चिरा मापात असतो, पण खाणीतून आणला आणि लावला असं करू नका, काही महिने उघड्यावर राहू दे. पांढुरक्या मातीचे डोळे असलेला चिरा परत पाठवा. गडद, वाजवला की खणखणणारा घ्या. वाडीचा मागचा गडगा पडलाय ना, त्यातले जुने चिरे निवडलेत तर सगळ्यात उत्तम.

छपराकडे येऊ. खरं तर पैसा सगळ्यात जास्त इथे जाणार आणि तो जाऊ द्या. कौलं उतरवायची आहेतच, पण परत चढवण्यासाठी. एखादं कौल उलटं करून बघा, मागे कारखान्याचा शिक्का असेल. बासेल मिशनच्या मंडळींनी १८६५ मध्ये मंगळुरात कारखाना काढला तेव्हापासून ही कौलं गलबतांनी कोकणच्या बंदरांत उतरत होती. प्रत्येक कारखान्याचा साचा वेगळा, खाच वेगळी, त्यामुळे एका शिक्क्याचं कौल दुसऱ्याशी नीट बसत नाही आणि मग "मंगलोरी कौलं गळतातच" असं लोक म्हणतात. उतरवताना शिक्क्याप्रमाणे वेगळे ढीग करा, एका पाखाडीला (छपराच्या एका उताराला) एकाच शिक्क्याची चढवा. कमी पडली तर पाडलेल्या घरांची मिळतात, रत्नागिरी-चिपळूण भागात जुन्या मालाचे व्यापारी आहेत. शंभर चौरस फुटांना साधारण १४० कौलं धरा, वर दहा टक्के फुटीची.

पत्रे नको म्हणतो त्याला कारणं आहेत. खाऱ्या हवेत पत्रा आधी स्क्रूच्या भोकाशी गंजतो, दुपारी खाली बसवत नाही, पावसात शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. आणि वादळाला पत्रा अख्खा उडतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर ताशी शंभराहून जास्त किलोमीटर वेगाने आलं, तेव्हा मी नंतरच्या आठवड्यात श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंत घरं बघत फिरलो. कौलं गेली होती ती बहुतेक वळचणीची, आढ्याची आणि कोपऱ्यांची. मधली पाखाडी पुष्कळ ठिकाणी जागेवर होती. मंगलोरी कौलाच्या पोटाला बारीक भोकाचा कान असतो, त्यात तार ओवून रिपेला बांधायची सोय. ती तार कोणी बांधतच नाही. तुम्ही वळचणीच्या तीन रांगा, आढ्यालगतच्या दोन आणि कडेच्या सगळ्या बांधून घ्या, तांब्याच्या तारेने. लोखंडी तार दोन वर्षंसुद्धा टिकणार नाही. वळचण कापून आखूड करायची कल्पना कोणी मांडली तर त्याला चहा पाजून निरोप द्या.

कौलं खाली असतानाच लाकूड तपासून घ्या. मधला वासा नव्वद वर्षं ठणठणीत असतो, जातं ते भिंतीत घुसलेलं टोक, कारण तिथे हवा नाही. गोणपाट शिवायचा दाभण घ्या आणि भिंतीत शिरतानाच्या जागी टोचा. सागात नखभर जातो. अर्ध्याच्या वर सहज गेला तर टोक कुजलंय. त्यासाठी अख्खी तुळई बदलायची गरज नसते. कुजलेला दीड-दोन फुटांचा भाग कापून तिरक्या सांध्याने त्याच जातीच्या जुन्या लाकडाचं टोक जोडता येतं, बोल्ट मात्र ३१६ जातीच्या स्टेनलेस स्टीलचे. ३०४ जातीचेही समुद्राजवळ डागाळतात. हे काम जाणणारा सुतार शोधायला वेळ लागेल, मिळाला की त्याच्या वेळेप्रमाणे आपलं वेळापत्रक लावा. भिंतीतल्या टोकाभोवती बोटभर मोकळी जागा ठेवायला त्याला सांगा.

जमिनीचं लवकर उरकतो. व्हिट्रिफाइड टाइल नको, कारण जमिनीतून जी ओल सहज उडून जात होती तिला झाकण बसेल आणि ती भिंतींकडे वळेल. शहाबादी फरशी चुन्यात बसवा, सांधे चुन्याचेच. ओटीवरचा लाल कोबा फोटोत अप्रतिम दिसतोय, त्याला फक्त खोबरेल आणि फडकं. वायरिंगसाठी भिंतीत खाचा मारू देऊ नका, नळी वरून फिरवा, दिसली तर दिसली.

वाडीबद्दल तुम्ही शोभेच्या अंगाने विचारलंय. मी तिला घराचीच बाहेरची भिंत समजतो. निसर्गनंतर ज्यांच्या वाड्या झोपल्या त्या घरांच्या पश्चिमेच्या भिंती पुढच्या दोन-तीन वर्षांत जास्त झडल्या, कारण मधे खारा वारा अडवणारं काही उरलं नाही. तुमच्या सुरूंमध्ये मोठी खिंड पडलीय, आधी ती बुजवा. सुरूच लावायला हवेत असं नाही, तो मूळचा इथला नाहीच. पुळणीकडून घराकडे असं या: वाळूवर मर्यादवेल आहे ती तशीच राहू दे, तिच्या मागे केवडा, मग उंडी आणि करंज. उंडी सावकाश वाढते पण वाऱ्याला पुरून उरते, आणि तिच्या बियांच्या तेलावर आजोबांचे दिवे जळलेले आहेत. त्यानंतर माड, पंचवीस फुटांवर एक, त्यांच्या सावलीत पोफळी, पोफळीवर मिरीचा वेल, मधून जायफळ. माड घरापासून निदान पंचवीस-तीस फूट लांब. मुळांनी भिंत फुटत नाही, पण कौलांवर नारळ पडला की तुमची सगळी तार-बीर व्यर्थ. समोरची वाळूची टेकाडं सपाट करून "सी व्ह्यू" काढायचा मोह धरू नका. भरती-वादळाला तीच आडवी येतात, आणि किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांत त्यांना सगळ्यात कडक संरक्षण आहे.

लॉन नको, कारण लॉनला रोज पाणी लागतं आणि ते पाणी जोत्याशी मुरतं. स्विमिंग पूलही नको, त्याचं कारण विहिरीत आहे. समुद्राकाठच्या जमिनीत गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं, दुधावर साय असावी तसं. हिशेब असा की विहिरीची पातळी समुद्रापेक्षा एक फूट वर असेल तर खाली साधारण चाळीस फूट गोडं पाणी असतं. म्हणजे पंप लावून पातळी एक फूट कायमची उतरवलीत तर खारं पाणी खालून चाळीस फुटांपर्यंत वर येऊ शकतं. एकदा खारी झालेली विहीर परत गोडी व्हायला वर्षानुवर्षं लागतात, आणि तोवर पोफळी जातात. लहान पंप लावा, थोडं थोडं उपसा, उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा पाणी चाखून बघा.

कागदांचं एवढंच. घर भरतीरेषेपासून दोनशे मीटरच्या आत आहे, तिथे अधिकृत जुन्या घराची दुरुस्ती करता येते, पण जोत्याचं क्षेत्र आणि बांधकाम वाढवता येत नाही. म्हणून कशालाही हात लावण्याआधी घराची मापं घेऊन नकाशा, तारखेसह फोटो, ग्रामपंचायतीचा जुन्यात जुना घरपट्टीचा उतारा आणि सातबारावर तिघांचीही वारस नोंद, हे एका फायलीत तयार ठेवा आणि ग्रामपंचायतीला लेखी कळवा. "आधी पाडू, मग बांधू" म्हणणाऱ्याचं ऐकलंत तर जुनं घर होतं हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते.

आता झोपाळा. आईंना विचारायचंय की त्या कड्यांवर बसलं तर चालेल का. आज नाही. फोटोत कडी तुळईत जिथे शिरते तिथे गंजाचा ओघळ दिसतोय, आतला लोखंडी आकडा किती उरलाय ते काढल्याशिवाय कळणार नाही. आकडे पितळेचे करून घ्या, तुळईतून आरपार, वर मोठा वायसर लावून. मग तुळईची दोन्ही टोकं दाभणाने तपासा. त्यानंतर तुळईच्या खालून एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत सुताची दोरी ताणून बांधा, मधोमध तुळई आणि दोरीतलं अंतर मोजून लिहून ठेवा. झोपाळ्यावर पन्नास किलोची तांदळाची तीन पोती ठेवा आणि रात्रभर तशीच राहू द्या. सकाळी अंतर परत मोजा, पोती उतरवा, तासाभराने तिसऱ्यांदा मोजा. तिसरं माप पहिल्याइतकंच आलं तर आईंना बसवा. कमी भरलं तर ती तिन्ही मापं आणि तुळईचा फोटो मला पाठवा.